दोन डाव्या बाह्या

३ नोव्हें., सोमवार
प्राचीचं लग्न जमलं. साक्षगंधाच्या ब्लाऊजचं कापड वर्ध्याच्या टेलरकडे टाकणार म्हणे. बाप आर्वीत सव्वीस वर्षं लेडीज टेलर, आणि पोरीचं कापड वर्ध्याला! कारण विचारलं. "बाबा, तुम्ही रविवारी नदीपलीकडे प्याले जाता. सोमवारी तुमच्या हातात कैची मले नाई पाहवत." मागे तिच्याच मैत्रिणीच्या लग्नाच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तोही सोमवारच. आधी हसू आलं. मग फार लागलं.

५ नोव्हें.
सुनंदा दवाखान्यात घेऊन गेली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं, पहिल्यांदाच बायकोमागे मुकाट चाललो. डॉक्टरीणबाई तरुण. रक्त तपासलं, लिव्हर ठीक. गोळी दिली. रोज नाही. ज्या दिवशी पिणार त्या दिवशी, तासभर आधी. पिणार नसलो तर घ्यायची नाही. "ओकाऱ्या होणार का?" (सासूबाईंनी एकदा वरणात कसलीशी पूड कालवली होती, ते आठवलं.) म्हणाल्या, "नाही हो काका. फक्त पहिल्यानंतर दुसरा मागावासा वाटणार नाही." बघू.

९, रवि.
सकाळी विहारात वंदना. पाचवं शील, दारूचं, आलं की माझा आवाज बारीक होतो. सु. कोपराने ढोसते.
दुपारी दोस्त बबनसोबत बस. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून पुलापलीकडे. वीस वर्षांचा नेम. पूल आला आणि आठवलं, गोळी खिशातच! तिथेच गिळली. मग बारमध्ये लिंबूसोडा पीत तास मोजला. बबन : "काऊन बे, मुहूर्त पाहून राह्यला का?" वेटरही हसला. तास भरला तेव्हा शेवटच्या बसला पंचवीस मिनिटं. एक नाईंटी झाली. बबनची तोवर चौथी. येताना त्याचं डोकं माझ्या खांद्यावर, आजवर उलटं असायचं. जरा मळमळलं. जेवलो मात्र पोटभर.

१०
प्राचीला सगळं सांगितलं. लिंबूसोड्यावर खूप हसली. मग, "एका रविवारानं काय होते, बाबा?" बरोबर आहे. पण कापड अजून कपाटातच आहे, हळूच पाहून आलो.

१६, रवि.
गोळी घेतली. या वेळी घरूनच, दीड वाजता. सु.ने पाणी दिलं आणि घड्याळ पाहिलं.
अर्धा ग्लास झाला आणि गंमत, गोडीच लागेना. शेंगदाणे मात्र सगळे संपवले. बबन म्हणे, "फेकू नको, मी आहो ना!" त्याला गोळीचं सांगितलं. चिडवेल वाटलं होतं. परतताना पुलावर म्हणाला, "मलेही नेजो त्या बाईकडे."
खरं लिहितो. थोडी भीती वाटते. दारू सुटली तर रविवारी दोघांनी करायचं काय? वीस वर्षांत आम्ही दुसरं काही…

१७, सोम.
दुकान उघडलं तर प्राची मागोमाग हजर. टेबलावर कापड ठेवलं. मोरपंखी, जरीकाठ.
"काल किती?"
"अर्धा. बबनले विचार."
"त्याले काय विचारू, उरलेला त्यानंच पेला असन!"
बसली स्टुलावर. माप घेतलं, खडूने आखलं. नेहमीसारखा पाठीपासून कापायला लागलो तर म्हणाली, "बाह्या आधी कापा, बाबा. माझ्यासमोर."
उजवी कापली. चहा आला म्हणून चार ओळी लिहून घेतो. हात ठीक. डावीसाठी कापड पलटवून ठेवलंय. पुन्हा पाहिलं. प्राचीही उठून पाहून गेली. चहा मात्र पीत नाहीये.
फोन वाजतोय. बबन. दवाखान्याचं विचारत असेल, नाहीतर येत्या रविवारचं. वाजू दे. आधी बाही.