वगळलेल्याला कारण सांगायचं

सर,

ऑस्ट्रेलियातली कसोटी आपल्याकडे उजाडायच्या आत सुरू होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवलेल्या रेडिओपाशी बसवून तुम्हीच ते आम्हाला शिकवलंत. तार खिडकीतून बाहेर काढून परसातल्या ताडाला बांधलेली होती म्हणून रेडिओची जागा स्वयंपाकघरातच. काकू चुलीपुढे बसून फोडणी अडवून ठेवायच्या, कारण मोहरी तडतडताना एखादी विकेट पडली आणि ऐकू आली नाही तर तुम्ही दिवसभर हळहळत राहायचात. आवाज लांबून यायचा, मध्येच बुडायचा, पुन्हा वर यायचा. आगरच्या किनाऱ्यावर भरतीच्या वेळी लांबच्या होडीतून कुणी हाक मारावी तसा. मला इंग्रजी कळत नव्हतं. तुम्ही एकेक वाक्य मराठीत करून सांगत होता आणि मला वाटत होतं, हीसुद्धा कविताच चालली आहे, फक्त हिला यमक नाही.

तुमची शनिवारची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. शेवटचा तास कवितेचा. कविता म्हणून झाली की तुम्ही फळा पुसता, हात झटकता आणि म्हणता, आता निवड समिती बसेल. आपला संघ तेव्हाही ऑस्ट्रेलियालाच निघाला होता. अकरा जण निवडायचे, हे कुठल्याही वर्गात चाललं असतं. तुमच्या वर्गाची तऱ्हा वेगळी होती. एकाला आत घेतलं की ज्याला बाहेर ठेवलं तो उभा राहणार, म्हणजे त्याच्या वतीने आमच्यातला कुणीतरी, आणि निवडणाऱ्याने त्याच्यासमोर जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून कारण सांगायचं. इतर वर्गांतली मुलं खिडकीतून बघून हसायची. आम्हाला मात्र त्याची इतकी सवय झाली होती की पुढे आयुष्यात कुणी कुणाला कारण न सांगता वगळलं की आम्हाला ते अडाणीपणाचं वाटायचं.

माझी पाळी आली तेव्हा मी एका देखण्या फलंदाजाला बाहेर ठेवलं. त्याचा फटका म्हणजे काय वर्णावा, असा तो खेळायचा. त्याच्या वतीने माझा बाकावरचा सोबती उभा राहिला. मी त्याच्यापुढे जाऊन छाती भरून घेतली आणि सुरू केलं, की हे फलंदाजा, तुझी बॅट म्हणजे चैत्रातली डहाळी, तुझ्या मनगटात वाऱ्याची झुळूक. बराच वेळ चाललं असावं. सोबती तोंड दाबून उभा होता. तुम्ही खुर्चीवरून न उठता म्हणालात,

"फुलं कसली वाहतोस त्याला? तो मेलेला नाही. कारण सांग."

वर्ग हसला. माझे कान तापले. मग मी तुमच्याकडे वळून पुटपुटलो, की सर, तो बाहेरचा चेंडू सोडत नाही. तुम्ही म्हणालात, "हे त्याला सांग. मला सांगून काय उपयोग." मी वळलो आणि सांगितलं. सोबत्याने मान हलवली, जणू खरंच त्याची जागा गेली होती, आणि खाली बसला. त्या दिवशी घरी जाताना तुम्ही मला थांबवून सायकलच्या पिशवीतून चार चिकू काढून दिलेत. तेवढ्यावरून मला कळलं की शेवटचं वाक्य तुम्हाला पसंत पडलं होतं.

सर, तुम्ही गेल्यावर तुमची ही निवड समिती आम्ही बंद पडू दिली नाही. बाकावरच्या सोबत्याने मसोलीला वडिलांची वाडी सांभाळली, त्यामुळे बैठकीला त्याची चिकूची वखार मिळाली. मी तलासरीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि नोकरीभर डहाणूहून एसटीने ये-जा केली. त्या गाडीवरचा ड्रायव्हर आमचा तिसरा सभासद. तलासरीचाच माणूस, बोलायला कमी. डोंगरातला वळणाचा रस्ता सुरू झाला की मी खिडकीबाहेर बघत पाठ कविता म्हणत बसायचो आणि माझा थांबा मागे पडायचा. पहिल्या वर्षीच हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हापासून तो आरशातून बघून आवाज द्यायचा, "भाऊसाहेब, कचेरी आली." मी उतरायचो. निवृत्त होईपर्यंत हा क्रम चालला. क्रिकेट त्याला फारसं कळत नाही. कुठेही सामना असो, दोन फिरकी गोलंदाज घ्या, एवढंच त्याचं मत. का, विचारलं तर म्हणतो, एक दमला तर दुसरा असावा, लांबच्या गाडीला आम्ही दोन ड्रायव्हर असेच जायचो.

मागच्या गणपतीत सोबत्याच्या मुलाचा मेलबर्नहून फोन आला. तो तिथे स्थायिक आहे. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तिथे आपली कसोटी सुरू होणार होती. बाबा, तुम्ही या, आणि एकटे नको, सोबत एखाद्या मित्राला आणा, असं त्याने सांगितलं. सोबत्याने हे आम्हाला वखारीत सांगितलं आणि लगेच मजुरांशी बोलायला उठून गेला. कोणता मित्र, हे बोललाच नाही. मी म्हटलं, बोलायचं काय त्यात. शाळेपासूनचा मी. रेडिओपाशी त्याच्या शेजारी बसलेला मी. घरी गेलो आणि मुलीने कधीतरी हौसेने काढून दिलेला पासपोर्ट कपाटातून शोधला. एकही शिक्का नसलेला, कोरा करकरीत. मग ट्रंकेतला स्वेटर काढला, धुतला आणि अंगणात वाळत टाकला. परदेश म्हटला की थंडी, हे माझ्या डोक्यात पक्कं. आमची ही म्हणाली, अहो, तिथे डिसेंबरात उन्हाळा असतो, नातीच्या पुस्तकात आहे. मी म्हटलं, पुस्तकात असेल, समुद्राचा वारा पुस्तक वाचून वाहत नाही. ती हसली आणि स्वेटरला चिमटे लावले.

दसऱ्यानंतर पेपरात दौऱ्याचा मोठा चमू जाहीर झाला आणि आमची समिती बसली. वखारीत फळं निवडायचं काम चाललं होतं. लहान-मोठा, कडक-नरम असे ढीग. सोबती बोलता बोलता दोन बोटांनी चिकू दाबून बघत होता आणि खोक्यांत टाकत होता. आमच्यात सलामीवरून नेहमीसारखी खडाजंगी झाली. ड्रायव्हरने दुसरा फिरकी गोलंदाज मागितला, तो आम्ही नाकारला, त्याला त्याचं कारण सांगितलं, त्याने मान डोलावली. मग मधल्या फळीतल्या शेवटच्या जागेवर गाडी अडली. एक देखणा खेळाडू होता आणि एक रटाळ. देखण्याचा खेळ बघताना मला शाळेतल्या ओळी आठवतात. रटाळ तासन्‌तास उभा राहतो आणि बघणाऱ्याला जांभया येतात. सोबती म्हणाला, "दिल्लीच्या गाडीत मी पिकलेला माल चढवत नाही. वाटेत बसतो तो." मला पटलं. अध्यक्ष मी. मी रटाळाला घेतलं.

देखण्याच्या वतीने सोबती उभा राहिला. त्याच्या बोटांना चिकूचा चीक लागलेला, डोक्यावर वाडीतली टोपी. मी समोर गेलो. मला तुमचा वर्ग आठवत होता, त्यामुळे मी एकही डहाळी मध्ये आणली नाही. म्हटलं, तुझा खेळ बघायला मी पहाटे उठेन. पण तिथे चेंडू उसळतो आणि तू अजूनही बाहेरचा चेंडू सोडत नाहीस. तुझ्यामुळे समोरच्या जोडीदाराचं लक्ष उडतं. म्हणून तू नाहीस. सर, इतकं नेटकं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. ड्रायव्हरनेसुद्धा वा म्हटलं.

सोबती खाली बसला नाही. टोपी काढून खोक्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "आता तू उभा राहा."

मी म्हटलं, मी उभाच आहे. अजून कोण राहिलं बाहेर?

"तू," तो म्हणाला. "मेलबर्नला मी तुला नेत नाही. ड्रायव्हरला नेतो."

मजुरांचे हात क्षणभर थांबले की मला तसं वाटलं, कोण जाणे. ड्रायव्हर स्वतःच्या चपलांकडे बघत होता. माझा स्वेटर घरी घडी घालून ठेवलेला होता. मला खूप काही बोलता आलं असतं. रेडिओ, ताड, काकूंची फोडणी, सगळं त्याच्यापुढे मांडता आलं असतं. पण मी तुमचा विद्यार्थी. मी विचारलं, "कारण सांग."

त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. "तू हरवतोस," तो म्हणाला. "महालक्ष्मीच्या जत्रेत तू माझा हात सोडून कुठे गेलास, आठवतं? संध्याकाळपर्यंत शोधलं तुला. पाळण्यांच्या मागे बसला होतास, कविता म्हणत. ती तर आपली जत्रा. तिथे एवढ्या माणसांत, परक्या भाषेत मी तुला कुठे शोधू? मॅच सोडून मी तुझ्याकडेच बघत बसेन. जन्मात एकदा जायला मिळतंय मला. मला मॅच बघायची आहे."

ड्रायव्हर हळूच म्हणाला, की मी यांना आधीच सांगितलं, भाऊसाहेबांना न्या, मला त्यातलं काय कळतं. सोबती त्याच्याकडे न वळता म्हणाला, "कळत नाही. पण हाक मारली की उठतो."

मी मान हलवली आणि खाली बसलो. तुमच्या वर्गात बसायचो तसा. वाईट वाटलं का, विचाराल तर वाटलं. पण त्यात चीड नव्हती. निवड बरोबर होती, सर. त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. गाव सांगतं, अमक्याने तमक्याला टाळलं, फोन उचलला नाही, परस्पर निघून गेला, आणि मग दोन घरांचं बोलणं तुटतं. आमचं तुटलं नाही. त्या संध्याकाळी सोबत्यानेच मला स्कूटरवरून घरी सोडलं आणि आमच्या ओट्यावर बसून चहा घेतला. निघताना मी स्वेटर आणून दिला. म्हटलं, ड्रायव्हरला दे. तो म्हणाला, अरे तिथे उन्हाळा आहे. मी म्हटलं, राहू दे.

मग कसोटीची ती पहाट आली. मी टीव्हीसमोर, ही चहा घेऊन शेजारी. लांबवर ते हिरवंगार मैदान. मी गर्दीत ते दोघे दिसतात का बघत होतो आणि चेंडूही बघत होतो, दोन्ही एकदम जमत होतं. आठच्या सुमारास सोबत्याचा फोन आला, तोही चेहरा दिसणारा. मागे लोकांचा गलका. म्हणाला, गवत बघ, आपल्या रेडिओत हे गवत दिसायचं नाही. मग त्याने फोन वळवला. ड्रायव्हर टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. सोबत्याने नाव घेऊन हाक मारली, तसा तो ताडकन उठून बसला. मला इतकं हसू आलं की ही स्वयंपाकघरातून बघायला आली.

शेवटच्या दिवशी तिथे पाऊस आला. आपला विजय अगदी तोंडाशी आणि मैदानावर पाणी. मग पाऊस थांबला, खेळ झाला आणि आपण जिंकलो. फोनवर पहिल्यांदाच ड्रायव्हर आधी बोलला, "भाऊसाहेब, वारा सुटला होता. स्वेटर कामाला आला." मी आमच्या हिच्याकडे बघितलं. तिने नातीचं पुस्तक मिटून ठेवलं.

आमच्या अकरांत आणि खऱ्या निवड समितीच्या अकरांत एका जागेचा फरक निघाला. मी माझ्या निवडीवर अजून ठाम आहे. त्या दोघांचं येणं झालं की वखारीत पुन्हा बसू आणि त्यांच्याशी भांडू. पुढचा दौरा आहेच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि आगरच्या वाटेवरच्या तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. तेव्हा ते माझ्याचपाशी राहील. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, आणि ती मी सोबत्याला कधी सांगणार नाही. कारण त्याने चोख दिलं, तुम्ही शिकवलंत तसं दिलं. पण सर, त्या दिवशी वखारीत उभा असताना, कारण ऐकून झाल्यावर, एखादं फूल मला चाललं असतं.