मुकं टेबल आणि माझ्या तीन शिट्ट्या

तीर्थरूप मामांना,

लोटांगण घालून नमस्कार. (नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. हे पत्र मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितोय. पलंगाखाली गेलेला इंजिनाचा स्क्रू शोधायला उतरलो होतो. स्क्रू काही सापडला नाही, तुमचं मागचं पत्र मात्र सापडलं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा आवाज कसा आहे? म्हणजे घसा. इकडे आईची तब्येत ठणठणीत, फक्त माझा विषय निघाला की तिचा पारा चढतो. बाबाही मजेत. गेले चौदा आठवडे ते फ्रिजवर ताट ठेवून उभ्याने जेवतात, त्यामुळे त्यांचं पोट सुटायचं थांबलंय, पण याचं श्रेय मला द्यायची या घरात कुणाची दानत नाही.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. जेवणाचं टेबल कुठे गेलं, कॉलेज कुठे गेलं आणि माझी अक्कल कुठे गेली. तर टेबल कुठेही गेलेलं नाही. ते होतं तिथेच आहे, फक्त त्याच्यावर आता एक रेल्वे स्टेशन आहे, एक बोगदा आहे, एक पूल आहे आणि खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान अशी एक मालगाडी आहे. आईने तुम्हाला ‘पोरगा या वयात खेळण्यांशी खेळतो’ असं कळवलं असणार. मामा, खेळणं ते, जे विकत आणून दोन दिवसांत मोडतात. मी जे करतो त्याला मॉडेल म्हणतात, आणि ते बांधायला चौदा आठवडे लागतात. (मोडायला किती लागतात ते पुढे येईलच.) कॉलेजचं म्हणाल तर त्यात माझी काडीची चूक नाही. सरांनी माझ्या पुलाच्या आराखड्याला शून्य दिलं आणि वर्गासमोर म्हणाले, की या पुलावरून मी माझं मांजरही जाऊ देणार नाही. मी म्हणालो, मांजराला अक्कल असेल तर ते तुमच्या घरातूनही निघून जाईल. एवढं बोलून वर्गातून उठलो तो थेट गेटबाहेरच थांबलो, आणि एकदा गेटबाहेर आल्यावर परत आत जाणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोच पूल आता आमच्या टेबलावर उभा आहे. (खाली एक जाडा शब्दकोश लावलाय. पण उभा आहे.)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. गुडघा शेकत शेकत वाचा.

इथे बेकरीच्या माळ्यावर रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचा एक क्लब आहे. अध्यक्ष आहेत दातांचे डॉक्टर. माळा बेकरीवाल्यांचा, म्हणून ते उपाध्यक्ष. तिसरे घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडतात आणि रविवारी तेच भिंग लावून आमची इंजिनं उघडतात. आणि चौथी त्यांची मुलगी. मामा, इथे मी जरा थांबतो आणि पाणी पिऊन येतो.

आलो. तर ती मुलगी वडिलांच्याच दुकानात काम करते, निळा स्वेटर घालते, आणि आगपेटीच्या काडीएवढे सिग्नल बनवते. ते खरंच वर होतात, खाली होतात आणि लुकलुकतात. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं आपण सिग्नलच्या प्रेमात पडलोय. दुसऱ्या रविवारी सिग्नल नव्हते, ती एकटीच होती, तेव्हा उलगडा झाला. पण हिच्यावर आपली काही छाप पडायची तर ती कामातूनच, कारण ही बया कौतुक करत नाही. एकदा तिने डॉक्टरांच्या मालधक्क्याला ‘वाईट नाही’ म्हटलं, तर ते दोन शब्द डॉक्टरांनी आठवडाभर पेशंटना ऐकवले. पेशंटचं तोंड उघडंच असतं, बिचारे काय बोलणार?

तर मी ठरवलं, की स्टेशन बांधायचं आणि त्याच्या फलाटावर तिला उभी करायची. तार, माती आणि रंग. उंची पावणेदोन सेंटिमीटर, निळा स्वेटर, हातात स्क्रू-ड्रायव्हर. शेजारी वीतभर अंतरावर मी स्वतः. मला मी पक्क्या गोंदाने चिकटवलं. तिला मात्र मेणाच्या ठिपक्यावर उभी केली, कारण दर आठवड्याला तिला एक मिलिमीटर माझ्याकडे सरकवायचा माझा बेत होता. (हसू नका. प्रत्यक्षात आमची प्रगती याहून हळू होती.) स्टेशन ऐन वळणावर घ्यावं लागलं, कारण आमचं टेबल साडेचार फुटांचं आहे आणि आईने लग्नात ते घेतलं तेव्हा रेल्वेचा विचार केलेला नव्हता.

आता क्लबचा नियम ऐका. एक रविवार सोडून एक, कुणीतरी आपलं काम आणून मांडतं आणि बाकीचे त्यावर बोलतात. याला आमच्यात ‘मुकं टेबल’ म्हणतात, कारण ज्याचं काम त्याने सगळ्यांचं बोलून होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. आता नुसतं गप्प बसा म्हटलं तर माणूस बसत नाही, डॉक्टरांना हे धंद्यामुळे माहीत आहे. म्हणून त्यांनी युक्ती काढली. मांडणाऱ्याच्या ओठांत गार्डाची शिट्टी धरायला देतात. तो संतापला, फुसफुसला, की शिट्टी वाजते आणि चोरी पकडली जाते. तिसऱ्या शिट्टीला तीन महिने टेबल बंद. (कुकरलाही आमच्याकडे चौथीपर्यंत मुभा आहे.) सगळ्यांचं बोलून झालं, की मग मांडणाऱ्याने स्वतः एक जोरदार शिट्टी फुंकायची आणि घड्याळजींनी बटण फिरवून गाडी सोडायची, असा शेवट. एकाच शिट्टीला दोन कामं लावणाऱ्या माणसाने दातांपलीकडे डोकं चालवू नये, असं माझं मत आहे. ते मी त्यांना कळवलंही, पण ते पुढे.

परवाच्या रविवारी माझा नंबर होता. बाबा आणि मी टेबल होतं तसंच उचलून टेम्पोत घातलं, स्टेशन वेगळं मांडीवर घेतलं आणि बेकरीच्या जिन्यावरून वर चढवलं. बाबा वर आलेच नाहीत, ते खाली पाव खात बसले. मी शिट्टी तोंडात धरली आणि डॉक्टरांनी पहिलंच काम काय केलं, तर माझ्या मालगाडीला आपला नवाकोरा प्रवासी डबा जोडला. नवशिक्याच्या गाडीला थोरांनी आपला एक डबा जोडायचा, हा आमच्यात मान समजतात. डबा हातभर लांब. मला काही म्हणता येईना. गार्डाची शिट्टी तोंडात असताना माणूस फक्त मान हलवू शकतो, आणि मान हलवली की लोक त्याला होकार समजतात.

बेकरीवाल्यांनी सुरुवात केली. म्हणाले, तुझी झाडं सगळी एकाच न्हाव्याकडून एकाच दिवशी केस कापून आल्यासारखी दिसतात. मी नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, पण मला सर्दी होती. पहिली शिट्टी, बारीकशी. मग डॉक्टर वाकून म्हणाले, पूल फक्कड आहे हं, त्याखालचा शब्दकोश कुठल्या भाषेचा? दुसरी शिट्टी. घड्याळजी हातात बटण घेऊन, डोळे मिटून, आपलं काम येईपर्यंत पेंगत होते. आणि मग ती उठली. मामा, ती टेबलाभोवती सावकाश फिरली. बोगद्यात डोकावली. रुळांवरून बोट फिरवलं. आणि फलाटावर इतकी वाकली, की तिचं नाक आणि तिच्याच बाहुलीचं नाक यात दोन बोटांचं अंतर राहिलं. आता बघेल, आत्ता ओळखेल, म्हणून मी चौदा आठवड्यांचा श्वास छातीत धरून उभा. तिने मान वर केली आणि म्हणाली, “सिग्नल लाल आहे आणि गाडी त्याच्या पुढे उभी आहे. म्हणजे हा अपघात झाल्यानंतरचा देखावा आहे का?”

देवाशपथ सांगतो, तिसरी शिट्टी रागाची नव्हती. तो सुस्कारा होता. पण चौदा आठवडे कोंडलेला सुस्कारा असा निघाला, की खाली बेकरीत कुणाच्या तरी हातातला ट्रे पडला. घड्याळजी दचकून उठले. आपली वेळ झाली असं वाटून त्यांनी बटण एका दमात शेवटपर्यंत फिरवलं. गाडी सुटली. माझं इंजिन वळणावरून झोकात गेलं, मालाच्या माझ्या आखूड वाघिणी झोकात गेल्या, आणि मग आला डॉक्टरांचा डबा. लांब डबा वळणावर वळत नाही, त्याची टोकं रुळावर राहतात आणि पोट आतल्या बाजूला सुटतं, जसं बाबांचं पूर्वी सुटायचं. त्या पोटाने फलाटाची कड घासली, बाहुलीला मेणावरून अलगद उचललं आणि डबा तिला घेऊन बोगद्यात शिरला. गाडी पलीकडून बाहेर आली. ती आली नाही. मी आपला फलाटावर पक्क्या गोंदाने उभा. बेकरीवाले म्हणाले, “काय पोरगा आहे बघा! शेजारची बाई गाडीखाली गेली आणि हा हलला नाही जागचा.”

मी शिट्टी थुंकली. त्यानंतर मी चार मिनिटं बोललो. (वेळ घड्याळजींनी लावली, सवयीने.) बेकरीवाल्यांना म्हणालो, तुमच्या पावाला आहेत तेवढी भोकं माझ्या कामाला पाडू नका. डॉक्टरांना म्हणालो, डबा तुमच्या बिलासारखा लांबतच जातो, तो थोडा उपटा. शिट्टीबद्दलचं मत सांगितलं. घड्याळजींना म्हणालो, गाडी सोडायची एवढी घाई असणाऱ्या माणसाच्या दुकानातली घड्याळं मागे कशी पडतात? (हे मी तिच्या जन्मदात्याला म्हणालो, हे मला जिन्यात कळलं.) आणि गाडी एकदा उतारावर सुटली की सुटलीच, त्याच दमात तिलाही म्हणालो, की हे स्टेशन, पूल, बोगदा, एकाच न्हाव्याची झाडं, सगळं मी फक्त तुला उभं राहायला जागा हवी म्हणून बांधलं.

तिने बोगद्यात हात घातला, बाहुली काढली. मुंडकं वेगळं, धड वेगळं. वडिलांच्या कपाळावरचं भिंग काढून डोळ्याला लावलं, मुंडकं उजेडाकडे धरून नीट पाहिलं आणि म्हणाली, “नाक मोठं झालंय.”

बस्स, मामा. संपलं. तीन महिने टेबल बंद झालंच आहे, आता मी ते जन्मभरासाठी बंद करतो. उद्या सकाळी हातोडी घेऊन स्टेशन उखडणार, टेबल धुऊनपुसून आईला परत, बाबा खुर्चीवर. मुलींचं नाव काढणार नाही, रेल्वेने प्रवासही करणार नाही, तुमच्याकडे येईन तो बसने. आणि तुमच्या इच्छेप्रमाणे कॉलेजात परत जाऊन त्या सरांच्या मांजरासाठी पूल बांधीन. आईला तसं खुशाल कळवा.

मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा, जगाला विटलेला,
भाचा

ता. क. पाकिटाला गोंद लावता लावता दारावरची बेल वाजली. ती होती. हातात बुटांचं खोकं, खोक्यात डॉक्टरांचा डबा. मी म्हणालो, आता काय राहिलंय? तर म्हणाली, “माझं बोलणं अर्धं राहिलंय. तू मधेच ओरडायला लागलास.” आणि सरळ आत येऊन आईच्या देखत टेबलाशी बसली. तिने डब्याच्या पोटाला आडवी पेन्सिल बांधली आणि डबा हाताने वळणावरून ढकलत नेला. मामा, पेन्सिलीने फलाटावर रेघच ओढली, की पोट इथपर्यंत येणार. चार मिलिमीटर! माझा फलाट चार मिलिमीटर जास्त पुढे होता, बाकी कुणाचा काही दोष नव्हता, आणि हे मी तिच्यासमोर तोंडाने कबूल केलं. मग दोन तास आम्ही पॉलिशपेपरने फलाट घासला. बाबा फ्रिजपाशी उभे होते, म्हणाले, अजून जरा घास, कोपऱ्यात राहिलंय. तिने मुंडकं बसवलं, नाक तासलं, आणि बाहुली कडेपासून मागे, बाकाजवळ ठेवली. बाक माझ्या शेजारीच आहे, पण ती जागा तिने वळणाच्या हिशेबाने निवडली असेल, मी उगाच काही म्हणत नाही.

ता. क. २. तेव्हा वरची हातोडी रद्द समजा, बसही रद्द. कॉलेजचं आईला अजून हो किंवा नाही काहीच कळवू नका, फॉर्म भरायला बारा दिवस आहेत. आणि आता हे पत्र मुळात कशासाठी, ते. टेबलबंदी माणसाला असते, कामाला नसते. घरातलं वडीलधारं कुणी शिट्टी धरून बसणार असेल तर तेच स्टेशन पुन्हा मांडता येतं. बाबा नकोत. ते टेबलापाशी बसले की जेवायला मागतील. पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारपर्यंत तुम्ही या. लोक वाटेल ते बोलतील आणि तुम्ही हूं की चूं करायचं नाही. मामींसमोर तीस वर्षं तुम्ही हेच करत आलात, तेही शिट्टीशिवाय.

ता. क. ३. जाताना जिन्यात तिने विचारलं, कॉलेज का सोडलंस? मी मांजराची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, “तुझे मामा येऊ देत. तुझ्याबद्दल शहाण्या माणसाला विचारायचंय मला.” तेव्हा मामा, नक्की या. काय विचारील ते विचारू द्या आणि खरं तेच सांगा. फक्त सगळं एका दिवशी सांगू नका.