तिच्या अक्षरातल्या सहा कविता

प्रिय खारूताई,

तुझं पत्र परवा मिळालं. आईच्या कवितांची छोटी पुस्तिका काढायची आणि तिच्या शेवटच्या सहा कविता सगळ्यांत आधी घ्यायच्या, कारण त्यांत ती सर्वांत मोकळी झाली आहे, असं तू लिहिलंस. प्रस्तावनेसाठी माझ्याकडून पानभर मजकूरही मागितलास. दोन दिवस कागद समोर घेऊन बसलो. मला तसलं काही लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून आधी हे लिहितो.

तुमचा तो खेळ सुरू झाला तेव्हा मला पोरखेळच वाटला होता. तू नोकरीसाठी लांब गेलीस आणि दर आठवड्याला पाकिटातून तुझं एक आव्हान यायला लागलं. खोलीतल्या एका वस्तूवर सात ओळी, पण वस्तूचं नाव घ्यायचं नाही. औषधाच्या खोक्यावरचेच शब्द वापरून प्रेमाची कविता. पाच मिनिटं पेन उचलायचं नाही आणि खोडायचं तर मुळीच नाही. उत्तर चुकलं तर शिक्षा म्हणून यमक जुळवून चाळीस ओळी. आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, जिभेचं टोक बाहेर काढून लिहायची. खुर्चीची कैफियत मांडायची होती तेव्हा तिने खुर्चीच्या तोंडून माझ्या वजनाची तक्रार केली, आणि ती पोस्टात टाकायला मलाच पिटाळलं. वर म्हणाली, टपालमंत्री, वाटेत फोडून वाचू नका. मी वाचायचो नाही. ती कविता मी पहिल्यांदा वाचली ती तू परवा पाठवलेल्या चळतीत.

खोडायचं नाही, ही अट मला कधी पटली नाही. नकाशांच्या कचेरीत तीस वर्षं मी ब्लेडने शाई खरवडून चुका काढत आलो. जुन्या नकाशात दुरुस्ती निघाली की ज्याने तो मूळ काढला त्याच्याच अक्षरात नवी नावं भरायची, अशी आमची पद्धत. दोन हात वेगळे दिसले की साहेब कागद परत पाठवायचे. माझा कागद कधी परत आला नाही. कुणाचंही अक्षर अर्ध्या तासात माझ्या हाताला बसायचं. अंगात कला म्हणावी अशी ती एवढीच.

आईचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायचं नाही असं सांगितलंय, असं मी तुला फोनवर म्हणालो होतो. घसा बसला नव्हता. त्या सोमवारी सकाळी तिची वाचा आणि उजवा हात, दोन्ही गेली. पुढे तू आलीस तेव्हा मी सांगितलं की सगळं एका दिवसात झालं. एका दिवसात नाही, सात आठवडे ती अंथरुणावर होती. शेजारच्या नर्सबाई तिला पुसायला यायच्या आणि रोज म्हणायच्या, काका, मुलीला कळवा हो. मी म्हणायचो, बघू. तुझी नोकरी कायम व्हायची होती, आई जरा सावरू दे, मग कळवू, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. ती किती आजारी आहे, हे मला तुझ्या चेहऱ्यावर बघायचं नव्हतं.

तुझी आव्हानं मी तिला वाचून दाखवायचो. ती डाव्या बाजूने हसायची. पहिल्या आठवड्यात उत्तर गेलं नाही तर तुला शंका येईल म्हणून मीच बसलो. खिडकीवर, खिडकी न म्हणता, सात ओळी लिहायला मला चार दिवस लागले. कच्चं लिहायचं, दहादा खोडायचं आणि मग न खोडल्यासारखं तिच्या अक्षरात उतरवायचं. तिचा ‘ळ’ काही केल्या साधेना. तू उलट टपाली लिहिलंस, आई, किती कमी शब्दांत सांगायला लागलीस. मला लाज वाटली. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. दुसरी कविता मिळाल्यावर तू लिहिलंस की आईचं अक्षर बघितलं की फोनवर तिचा आवाज नसला तरी चालतं, जिवात जीव येतो. तिथे तरी मी थांबायला हवं होतं. आणखी चार लिहिल्या.

सहावं आव्हान होतं, आजचा दिवस फक्त दोन शब्दांत. मी सहज गंमत म्हणून पेन आईच्या डाव्या हातात दिलं आणि पाटीवर कागद धरला. ती बराच वेळ लिहीत होती. मी वाचलं, कागदाची घडी केली आणि माझ्या ड्रॉइंगच्या पेटीत ठेवून दिला. तुला पाठवले ते माझे दोन शब्द, ‘ऊन, चादर’. ही आईची सर्वांत चांगली कविता, असं तू कळवलंस, ते पत्र आलं तेव्हा ती गेलेली होती. तिने तो कागद लिहिला त्यापासून ती जाईपर्यंत मधे नऊ दिवस होते. तुला इथे पोहोचायला दोन लागतात. त्या सहाही कविता माझ्या आहेत, त्या पुस्तिकेत घेऊ नकोस. प्रस्तावनाही माझ्याकडून नको. तिचा कागद या पत्रासोबत ठेवला आहे. अक्षर वाकडं आहे, पण कुठे खोडलेलं नाही, आणि मीही काही खरवडलेलं नाही. तिने लिहिलं होतं, ‘तिला बोलवा’.

तुझाच, या वेळी स्वतःच्या अक्षरात,
बाबा