माशाचं नाणं

डब्लिन, १२ मार्च १९८६

लाडक्या आईस,

मी बरी आहे, खोकलाही गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

एमनदादाला शेताच्या कोपऱ्यात सापडलेलं नाणं मी नाणीवाल्या क्वर्ककाकांना दाखवलं. त्यावरचा मासा पाहून ‘दोन शिलिंगांचं साधं नाणं’ म्हणून ते हसले, पण साल पाहून त्यांनी भिंग काढलं.

“त्रेचाळीसचं! ही तर बहुतेक सगळी वितळवली होती, पोरी. दोन हजार पौंड सहज येतील. मिळालं कुठं?”

“बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या दफनभूमीत जागा नसायची. त्यांना पुरायचे, तिथं.”

त्यांनी झटकन हात मागे घेतला. “मग कुणीतरी ते बाळाच्या मुठीत ठेवलं असेल.”

नाणं पाहताच तू भरल्या ताटावरून का उठलीस, ते तेव्हा कळलं. आता ते मला हातात धरवत नाही.

शनिवारी परत आणते. तोवर दादाला तिथं खणू देऊ नकोस. आणि आई, खरं सांग, मुलगा होता की मुलगी?

तुझीच,
डर्वला