नारळाची वाटी

कुलदीपदादा,

काल फोनवर तू विचारलं, "मॅचले गर्दी कशी हाये?" मी म्हटलं, "हाये बरी." खरं इथं लिहून राहिली, पाठवणार मात्र नाही.

तू आपल्या फुटबॉल क्लबचा कॅप्टन होता तवा मॅचआधी गोलपोस्टपाशी नारळ फोडायचा. पाच नारळ फोडूनही पाहणाऱ्यायले प्रसादाचा नखाएवढा तुकडा भेटे. मंग कापसाचं जिनिंग बंद पडलं, पोट्टे पुण्याले गेले, तूही गेला. पोटासाठी गेला, त्याचं काही नाही. पण दिवाळीत अकोल्याले आला, तवा मैदानावर आपला क्लब खेळून राहिला होता अन् तू घरात पाय पसरून टीव्हीवर इंग्लंडातल्या क्लबाची मॅच पाहत होता. वरून ग्रुपवर लिहितो, 'आपला क्लब जगला पाहिजे.' कोणं जगवायचा रे?

आता नारळ मीच फोडते. रविवारी एकच फोडला. सगळ्यायले वाटून आख्खी वाटी उरली, ती घरी आणली.

आईनं माह्या हातातली वाटी पाहिली अन् विचारलं, "काहून वं, आज मॅच झालीच नाही का?"

मी खोटंच 'नाही झाली' म्हटलं. तिनं त्या खोबऱ्याची चटणी वाटली. चांगली झाली होती, दादा. तुह्या वाट्याचा तुकडाही तिच्यातच होता.

तुही बहीण,
प्रांजली