लिंबाची फोड

जितेशशेठ,

काल भाईंदरच्या बाजारात माझ्या पाटीसमोर गॉगल लावून उभा राहिलास आणि म्हणालास, "मावशी, सुरमई कशी दिली?" मावशी! साखरपुड्याला याच हातात अंगठी घातली होतीस. मी मान वर केली आणि तुझी बोबडी वळली.

मग रडगाणं सुरू. मीरा रोडला टॉवरमध्ये फ्लॅट घेतलाय, बायको शाकाहारी, सोसायटीत मासळी चालत नाही. चार तुकडे इथेच तळून मिळतील का? दिले माझ्या स्टोव्हवर तळून. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. कोळ्याचा पोर तू, आणि माझ्या पाटीआड उकिडवा बसून चोरासारखा खाल्लास! वर लिंबाची फोड मागून बोटं चोळत बसलास, घरी वास जायला नको म्हणून.

तू बँकेत लागलास तेव्हा तुझ्या आईने काय सांगून लग्न मोडलं? पोरीच्या हाताला मासळीचा वास येतो. तू शेजारी बसून मान डोलावलीस.

हा कागद काही तुला पाठवत नाही, उद्या यात कुणाचे तरी बोंबील बांधीन.

वास अजून येतो रे. त्याच हातचं माझा नवरा बोटं चाटून खातो. आमच्या घरी लिंबू ताटातच पिळतात.

तुझी मावशी,
शालू