पेन्शनच्या फोटोतला पदर

माय, आज तुझी गोष्ट आणखी एकदा सांगून झाली. किती वेळा सांगितली याचा हिशेब आता राहिला नाही. माझ्या टेबलापुढे कोणी बाई येऊन अडली की माझी गाडी तुझ्यावर येतेच. आमचा शिपाई म्हणतो, मॅडम, तुमच्या मायची गोष्ट आता कपाटाले पण पाठ झाली असेल. होऊ दे म्हटलं. ज्याच्या मायनं असं काही केलं नाही त्यानं गुमान ऐकावं.

मी यवतमाळला पेन्शनच्याच टेबलावर आहे, हे तुला माहीत आहे. नोकरी लागली तेव्हा तू होतीस, गावभर पेढे तूच वाटलेस. पण तू गेल्यानंतर इथलं बरंच काही बदललं. आता हयातीचा दाखला मोबाइलवर निघतो. फोन तोंडापुढे धरायचा, त्यात एक गोल येतो, त्या गोलात चेहरा बसवायचा आणि डोळे मिचकवायचे. म्हाताऱ्या बाया फोनला डोळा मारतात आणि मग आपल्याच करण्यावर तोंडाला पदर लावून हसत सुटतात. तू असतीस तर आधी फोनपुढेच पदर ओढून बसली असतीस, आणि मी डोक्याला हात लावला असता.

आज ढाणकीकडच्या एका खेड्यातली बाई आली होती. साठीची असेल. नवरा सरकारी दवाखान्यात नोकरीला होता, पावसाळ्यात वारला. सोबत तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, काठी टेकत आलेला. तो पुढे उभा आणि ही पदर पार नाकापर्यंत ओढून बसलेली. मी दोनदा म्हटलं, बाई, तोंड दिसल्याशिवाय काम होत नाही. ती हलेना. त्या म्हाताऱ्याला बाहेर बाकावर बसवलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं, हे मला कळत होतं. पण मी तसं केलं नाही. मी पेन ठेवला आणि तुझी गोष्ट काढली.

गोष्ट मी नेहमी फोटोपासून सुरू करते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर होणार होते आणि पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचा एकत्र फोटो लागत होता. तुमचा दोघांचा एकत्र फोटो घरात एकही नव्हता. मोठे बाबांचा नेरला बस स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला धबधब्याचा पडदा, पुढे दोन लाकडी खुर्च्या, कोपऱ्यात आरसा आणि दोरीला बांधलेला कंगवा. सख्ख्या मोठ्या भावाचा स्टुडिओ सोडून दुसरीकडे जायचं म्हणजे दादाचा अपमान, असं बाबांच्या डोक्यात. दादा म्हणजे तुझा भासरा आहे, आणि आपल्याकडे भासऱ्यापुढे बाई तोंड उघडं टाकून बसत नाही, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. किंवा आलं असेल आणि सोडून दिलं असेल. बाबांचं तसंच होतं.

मी त्या दिवशी दारात उभी होते, मला सगळं दिसतंय. तू खुर्चीच्या अगदी कडेला बसली आहेस, उठून पळता यावं अशी. पदर नाकापर्यंत. मोठे बाबा कॅमेऱ्याच्या मागे, आणि तुझ्याशी बोलायचं नाही म्हणून सगळं बाबांना सांगून राहिले आहेत. तिले मान वर कर म्हणा. तू मान वर केलीस आणि तितकाच पदर खाली ओढलास. मोठे बाबांनी परत सांगितलं, तू परत तेच केलंस. शेवटी बाबा वैतागले. म्हणाले, "चालते दादा, काढून टाका. पेन्शन मले भेटनार हाये, तिले थोडीच." फोटो निघाला. त्यात बाबा कोट घालून ताठ, आणि बाजूला एक लुगडं, त्याखाली नथ, ओठ आणि हनवटी. शाळेच्या ऑफिसातल्या बाबूचा बाबांवर फार जीव. त्यानं तो तसाच चिकटवला आणि वर शिक्का मारून दिला.

पुढे चारच वर्षांनी बाबा गेले. सकाळी ओट्यावर पेपर वाचता वाचता मान कलली, बस.

मी तेव्हा यवतमाळला होस्टेलला राहून डी.एड. करत होते, दुसरं वर्ष. घरात शेत नाही, दुसरी मिळकत नाही. मोठे बाबांनी तेरवी झाल्यावर आठ दिवसांत माझ्यासाठी स्थळ आणलं. त्यांचं चुकलं असं मी आज म्हणत नाही, त्यांना तेच कळत होतं. बाबांची पेन्शन तुझ्या नावानं सुरू झाली तर पोरगी शिकेल, नाही झाली तर अक्षता पडतील, असा सरळ हिशेब होता. तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता मला म्हणालीस, "तू शिकाले जाय. मी पाहतो पेन्शनचं." मला हसूच आलं होतं. नेरच्या बाजाराला एकटी न गेलेली बाई कोषागारात जाऊन काय पाहणार, असं वाटलं.

पहिल्यांदा यवतमाळच्या कोषागारात आपण दोघीच गेलो. तिथल्या साहेबांनी बाबांची जुनी फाइल काढली, फोटो पाहिला, चष्मा वर करून परत पाहिला. म्हणाले, यात बाई कुठं आहे, मला तर नुसतं लुगडं दिसतं. आजूबाजूचे दोन बाबू हसले. तुझे कान लाल झालेले मी पाहिले. मी पिशवीतून मतदानाचं कार्ड काढून दिलं. त्यावरही तेच, कारण तो फोटो काढताना गावातली सगळी मोठी माणसं समोरच शाळेच्या वऱ्हांड्यात रांगेनं बसली होती. तेव्हा आधार कार्ड नव्हतं. साहेब वाईट नव्हते, अडलेले होते. त्यांनी सांगितलं, घरातला जबाबदार माणूस आणा, त्यानं माझ्यासमोर यांचा चेहरा पाहून लिहून द्यावं की हीच ती. नाहीतर फाइल परत जाईल आणि कधी येईल ते मी सांगू शकत नाही. घरातला जबाबदार माणूस एकच होता, आणि तो तुझा भासरा होता.

पुढच्या सोमवारी आपण तिघं नेरहून एसटीनं निघालो. तू समोर बायांच्या सीटवर, मोठे बाबा मागच्या टोकाला. पूर्ण रस्ता दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ऑफिसात आल्यावर ते टेबलाच्या डाव्या बाजूला आणि तू उजवीकडे, पदर नेहमीसारखा. मी तुझ्या मागे उभी. आपल्यामागे लाइन, त्यात पेन्शनवाल्या बाया, बाबू, पाण्याचा जग घेऊन फिरणारा माणूस, सगळे पाहून राहिलेले.

साहेबांनी मोठे बाबांना विचारलं, यांना ओळखता. ते म्हणाले, ओळखतो, लहान भावाची बायको. फोटो कोणी काढला. मीच काढला. मग साहेबांनी कागद पुढे सरकवला, की लिहा, चेहरा पाहून ओळख पटवली. मोठे बाबांनी पेन घेतला. पेन हातात तसाच राहिला. आणि मग तो माणूस, ज्यानं उभ्या तालुक्याचे चेहरे पाहिले होते, म्हणाला, "साहेब, मी या बाईच्या तोंडाकडे कधी पाह्यलं नाही. पस्तीस वर्षं एका घरात जेवलो, पण नजर वर केली नाही. खोटं कसं लिहू?"

मला त्यांचा इतका राग आला होता, माय. दोन शब्द लिहायला काय जात होतं यांचं. आज मी स्वतः तसले कागद तपासते तेव्हा कळतं, की खोटं लिहिणारे शंभर भेटतात, न लिहिणारा एखादाच. पण त्या दिवशी मला फक्त माझं डी.एड. दिसत होतं, आणि ते स्थळ. साहेब फाइलची दोरी बांधायला लागले.

तेव्हा तू पदर काढलास. वर सरकवला नाहीस, काढलास, पार खांद्यावर टाकलास. मागून कोणीतरी तो घाईनं परत तुझ्या डोक्यावर ओढला. तू मागे वळून पाहिलंही नाहीस, म्हणालीस, "हात काढ." आणि परत पदर खाली टाकलास. मग टेबलाच्या त्या बाजूला पाहिलंस. तू त्यांना कधी हाक मारलेली नव्हतीस, त्यामुळे काय म्हणावं तेही तुला माहीत नव्हतं. बाबा म्हणायचे तेच म्हणालीस.

"दादा, पाहून घ्या. मीच आहो."

मोठे बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. आणि पाहिलं. फोटोवाल्याचं पाहणं होतं ते, सावकाश, खालून वर. मग त्यांनी फाइल मागितली, आपल्याच हातच्या त्या फोटोवर बोट ठेवलं आणि साहेबांना सांगितलं, हनवटीवर गोंदलेले तीन ठिपके आहेत, मधला जरा खाली उतरलेला. फोटो धुताना मले वाटलं काचेचा डाग पडला, पेन्सिलीनं मिटवणारच होतो. मग समजलं, गोंदण आहे. राहू दिलं. साहेबांनी ड्रॉवरमधलं भिंग काढलं. शिक्क्याच्या निळ्या शाईखाली तीन ठिपके होते, मधला खाली उतरलेला. तुझ्या हनवटीवर पाहिलं, तिथंही तसेच. मोठे बाबांनी लिहून दिलं आणि खाली सही केली.

नवीन फोटो लागणारच होता. परत जाताना आपण स्टुडिओत थांबलो. तू त्याच खुर्चीवर बसलीस, पदर डोक्यावर, पण कपाळ, डोळे, सगळं उघडं. या वेळी मध्ये बोलायला बाबा नव्हते. मोठे बाबा कॅमेऱ्यामागून तुलाच म्हणाले, मान जराशी डावीकडे. तू केलीस. तो फोटो आज माझ्या समोरच्या भिंतीवर आहे. त्यात तू हसत नाहीस, पण घाबरलेलीही नाहीस. लोक घरी आले की विचारतात, या कोण. मी म्हणते, ही माझी माय, आणि छाती फुगते माझी, खोटं कायले सांगू.

मला वाटलं होतं आता तुझा पदर कायमचा गेला. कुठचं काय. दिवाळीला मोठे बाबा जेवायला बसले तर तू परत नाकापर्यंत पदर घेऊन वाढत होतीस. मी स्वयंपाकघरात तुझ्यावर चिडले, म्हटलं, एवढं सगळं झालं तरी काहून. तू भाकर थापता थापता म्हणालीस, ते सरकारी काम होतं, हे घर आहे. आणि मला वरणाची गंजी उचलायला लावलीस. मला ते उत्तर कित्येक वर्षं पटलं नाही. आता वाटतं, पदर घ्यायचा की काढायचा हे त्या दिवसापासून तू ठरवत होतीस, दुसरं कोणी नाही. माझं डी.एड. झालं, मग मी परीक्षा देऊन या खात्यात आले, आणि तुझी पेन्शन शेवटपर्यंत तुझ्याच नावावर, तुझ्याच हातात आली. घरात कोणाची तिला हात लावायची हिंमत नव्हती.

ढाणकीकडच्या बाईनं हे सगळं ऐकून घेतलं. तिचा भासराही ऐकत होता. मग तो म्हातारा आपणहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला आणि ती हळूच पदर वर करून फोनपुढे डोळे मिचकवून मोकळी झाली. दोघांच्या दोन तऱ्हा, काम झालं. जाता जाता ती माझ्याजवळ वाकून म्हणाली, "बाई, तुमच्या मायचा पदर मागून ओढला तो कोनं?"

आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, असेल कोणी, लाइनमधली म्हातारी.

ते खोटं होतं, माय. तुझ्या मागे मी उभी होते, दुसरं कोणी नव्हतं. शिकलेली, दोन वेण्यांची, डी.एड.ची. एवढ्या माणसांत तुझं डोकं उघडं पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि माझाच हात पुढे गेला. माझ्यासाठी तू पदर काढला होतास आणि मीच तो परत घालत होते. तुला तेव्हाच कळलं असणार, माझ्या बांगड्या तुझ्या कानाजवळच वाजल्या. परतीच्या एसटीत तू मला खिडकीची जागा दिलीस, पेरू विकत घेऊन त्याची मोठी फोड माझ्या हातावर ठेवलीस, आणि मरेपर्यंत त्याचा शब्द काढला नाहीस.

हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवून देते, दुसरीकडे कुठं पाठवणार. उद्या परत कोणी टेबलावर अडलं की तुझी गोष्ट सांगेनच, आणि ताठ मानेनं सांगेन. पण पदर ओढणारा तो हात कोणाचा होता, हे तेव्हाही सांगेन असं मला वाटत नाही.